आदिवासींच्या खाणविरोधी न्यायालयीन लढ्याला साह्य : अधिकार आणि मर्यादा

नवी दिल्ली : कोळसा खाणींना आव्हान देणारी आदिवासी गावे मध्य भारतातील जंगलांत असली, तरी त्यांच्या अनेक लढ्यांचा निर्णय दिल्लीत होतो. खाणीसाठी वनजमीन देण्यास मान्यता देणारे केंद्रीय मंत्रालय, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ आणि सर्वोच्च न्यायालय येथेच आहे. या गावांना साह्य करणाऱ्या संस्था व कार्यकर्त्यांच्या अधिकारांचा प्रश्नही दिल्लीतच न्यायालयापुढे आला.

महान प्रकरण

मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्ह्यातील महान कोळसा पट्टा २००६ मध्ये एस्सार आणि हिंदाल्को यांना संयुक्तपणे देण्यात आला होता. खाणीला संमती देणाऱ्या अमेलिया ग्रामसभेच्या मार्च २०१३ च्या ठरावावर मृत व्यक्तींच्याही सह्या असल्याचा आक्षेप ग्रामस्थांनी घेतला. तरीही फेब्रुवारी २०१४ मध्ये अंतिम वनमंजुरी मिळाली. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २१४ कोळसा पट्ट्यांचे वाटप रद्द केले, त्यात महानचाही समावेश होता. मात्र त्या निकालाचा आधार वाटपातील मनमानी हा होता. वनहक्कांचा मुद्दा त्यात नव्हता.

या ग्रामस्थांसोबत काम करणाऱ्या ग्रीनपीसच्या कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांना ११ जानेवारी २०१५ रोजी दिल्ली विमानतळावर लंडनच्या विमानात बसू देण्यात आले नाही. त्या ब्रिटिश संसद सदस्यांपुढे महानविषयी बोलणार होत्या. त्यामुळे देशाच्या प्रतिमेला व हिताला बाधा पोहोचेल, अशी केंद्राची भूमिका होती. न्यायमूर्ती राजीव शकधर यांनी १२ मार्च २०१५ रोजी त्यांच्याविरुद्धचे लुकआउट परिपत्रक रद्द केले. सरकारच्या विकासधोरणाशी मतभेद असणे आणि ते मांडणे म्हणजे राष्ट्रहिताला बाधा नव्हे, असा या निकालाचा आशय आहे.

ग्रामसभेचे स्थान

अशा दाव्यांचा मुख्य आधार वन हक्क कायदा, २००६ हा आहे. या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत गडचिरोलीतील मेंढा (लेखा) आहे. वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक असल्याचे केंद्राने ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाद्वारे स्पष्ट केले होते. २०२२ च्या वन (संवर्धन) नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी राज्यांकडे सोपवली. त्यामुळे ही पूर्तता होण्यापूर्वीच केंद्राची मंजुरी मिळू शकते, असा आक्षेप घेतला जातो.

वेळेचे महत्त्व

छत्तीसगडमधील हसदेव अरण्यातील परसा पूर्व–केते बासन खाणीची वनमंजुरी हरित न्यायाधिकरणाने २४ मार्च २०१४ रोजी रद्द केली. सुमारे महिनाभरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवण्याच्या आदेशाला स्थगिती दिली आणि उत्खनन सुरू राहिले. अपील प्रलंबित असताना जंगल तुटत गेले, तर निकाल बाजूने लागूनही तुटलेले जंगल परत मिळत नाही. म्हणून अंतरिम आदेशाला अशा प्रकरणांत अंतिम निकालाइतकेच महत्त्व असते.

मंजुरीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. पुरेसे कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंतचा विलंब माफ होऊ शकतो. दुर्गम गावात मंजुरीची प्रत वेळेत पोहोचवणे हेच अनेकदा सर्वांत उपयुक्त साह्य ठरते.

विधी साहाय्य आणि निधी

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते.

परदेशी निधीवर मात्र कडक बंधने आहेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थेकडून गावपातळीवरील लहान संस्थेकडे पैसा वळवण्याचा मार्ग बंद झाला. त्याच वर्षी ६ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने लोकांच्या हक्कांसाठी आंदोलनाला पाठिंबा दिला, एवढ्याच कारणावरून तिचा परदेशी निधी रोखता येत नाही.