बाली : कमी खर्चातील बेटभ्रमंती

इंडोनेशियाच्या सतरा हजारांहून अधिक बेटांमध्ये बालीचा आकार तसा बेताचाच. क्षेत्रफळ सुमारे ५,७८० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण दीड गोवा. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेनुसार ४३ लाखांच्या घरात आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस आठ अंशांवर वसलेल्या या बेटाच्या मध्यभागी ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. तिच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आणि दक्षिण टोकाला रात्रभर जागे राहणारे किनारे आहेत. पाचांपैकी चारांहून अधिक बालीवासी हिंदू आहेत. त्यामुळे समुद्रावर लाटा झेलणारे परदेशी तरुण आणि डोक्यावर नैवेद्याच्या उतरंडी घेऊन देवळाकडे निघालेल्या स्त्रिया हे दोन्ही एकाच रस्त्यावर दिसते.

१९६९ मध्ये येथे आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. त्यानंतरच्या दशकात हणजुणेच्या वाळूवर जे पाश्चात्त्य तरुण विसावत होते, त्यांच्याच पिढीतील अनेक जण पाठीवर सॅक अडकवून कुटाच्या किनाऱ्यावर पोहोचले. घरातलीच एखादी खोली पाहुण्याला देण्याची 'लोस्मेन' पद्धत त्या काळात रुजली. आज बालीत आलिशान व्हिलांची गर्दी असली, तरी ही जुनी, साधी व्यवस्था संपलेली नाही. ती कोठे सापडते, कोणत्या खर्चाला कात्री लावता येते आणि कोणत्या खर्चाला लावू नये, हे ठाऊक असणाऱ्यास बाली अजूनही परवडते.

केव्हा जावे

बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाळा असतो. गोव्यात मृगाच्या सरी कोसळू लागतात तेव्हा बालीत आकाश निरभ्र असते. जुलै, ऑगस्ट आणि नाताळच्या सुटीत दर चढतात. मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर हे महिने हवा व खिसा या दोन्हींच्या दृष्टीने उत्तम. याच महिन्यांत चौकशी करून खोलीचा दर उतरवून घेता येतो.

मार्चमध्ये जाणाऱ्याने 'न्येपी'ची तारीख आधी पाहावी. बालीत शक संवत्सर चालते आणि न्येपी हा त्याचा वर्षारंभ. काही वर्षी तो गुढीपाडव्याच्याच दिवशी किंवा एक दिवस मागेपुढे येतो; २०२३ मध्ये दोन्ही सण २२ मार्चलाच होते. आदल्या सायंकाळी 'ओगो-ओगो' या राक्षसांच्या अवाढव्य प्रतिमांच्या मिरवणुका निघतात आणि दुसऱ्या सकाळी सहापासून चोवीस तास सारे बेट मौन पाळते. विमानतळ बंद, रस्ते निर्मनुष्य, दिवे मालवलेले. २०१८ पासून मोबाइलवरील इंटरनेटही बंद ठेवले जाते. पर्यटकालाही निवासाबाहेर पडता येत नाही. दोन रात्रींची खोली, खाण्याचे जिन्नस आणि रोख रक्कम यांची तजवीज आधी केलेली नसल्यास पंचाईत होते. केलेली असल्यास मात्र बालीतील सर्वांत सुंदर आकाशदर्शन त्या रात्री विनामूल्य घडते.

प्रवेश आणि पैसा

भारतीय पासपोर्टधारकास विमानतळावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो. त्याचे शुल्क ५ लाख रुपिया आहे आणि मुदत एकदा वाढवता येते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी व परतीचे तिकीट सोबत हवे. १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपिया इतका वेगळा पर्यटन-करही घेतला जातो. हे दोन्ही मिळून साधारण साडेतीन हजार रुपयांचा खर्च निघण्यापूर्वीच हिशेबात धरावा.

लाखांचे आकडे पाहून प्रथम गांगरल्यासारखे होते. त्यावर सोपा तोडगा असा : शेवटची तीन शून्ये काढावीत आणि उरलेल्या आकड्याला पाचाने गुणून थोडी भर घालावी. पन्नास हजार रुपिया म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे रुपये. पैसे बदलताना फलकावरील सर्वांत आकर्षक दर टाळावा. अशा टपऱ्यांत मोजताना हातचलाखी होते. बँकेत किंवा अधिकृत केंद्रात बदलावे, नोटा स्वतः मोजाव्यात आणि मोजून झाल्यावर त्या पुन्हा समोरच्याच्या हाती देऊ नयेत.

निवास आणि जेवण

कुटा, सेमिन्याक आणि चांगू हा दक्षिणेचा गजबजलेला पट्टा. तेथे सामायिक शयनगृहातील खाट साधारण एक ते दीड लाख रुपियांत मिळते. उबुद, सिदेमेन, मुंडुक किंवा आमेद येथे दोन ते तीन लाखांत कुटुंबाच्या अंगणातील स्वतंत्र खोली, बहुधा न्याहारीसह मिळते. दोघे असल्यास ही खोली शयनगृहापेक्षा महाग पडत नाही आणि यजमानाच्या घरातील देवघर, सकाळचे नैवेद्य, सणाची लगबग हे सारे डोळ्यांसमोर घडते.

जेवणासाठी 'वारुंग' म्हणजे घरगुती खाणावळ गाठावी. भाताभोवती चार-पाच प्रकार वाढलेले 'नासी चाम्पुर' साध्या वारुंगमध्ये पंचवीस-तीस हजार रुपियांत पोट भरते. शाकाहारी मंडळींसाठी टोफू, सोयाबीन आंबवून केलेले 'तेम्पे' आणि शेंगदाण्याच्या दाट रसातील भाज्यांचे 'गादो-गादो' हे भरवशाचे पदार्थ. मात्र चटणीत बहुधा सुकवून कुटलेल्या कोळंबीचा मसाला असतो. तो नको असल्यास 'तान्पा तरासी' हे दोन शब्द पाठ करावेत.

किंमत विचारण्याचा प्रश्न आहे 'बेरापा हार्गान्या?'. यातील 'हार्गा' हा संस्कृत 'अर्घ' म्हणजे मूल्य या शब्दाचा वंशज. मराठीतला 'महाग' हाही 'महार्घ' याच शब्दावरून आला आहे. बाजारात भाव करावा, पण हसतमुखाने आणि रास्त मर्यादेत. वारुंगमध्ये भाव करू नये. तेथे घासाघीस करून वाचणारे पाच हजार म्हणजे आपले पंचवीस रुपये आणि त्या बाईची निम्मी मिळकत, एवढे भान पुरेसे आहे.

प्रवास : वेळ देणाऱ्यास स्वस्त

बालीतील सर्वांत मोठा गाळा वाहनांवर जातो. 'बेमो' नावाच्या जुन्या सामायिक गाड्या आता विरळ झाल्या आहेत. देनपासार परिसरात २०२० पासून 'ट्रान्स मेट्रो देवाता' ही बससेवा चालू झाली. २०२५ च्या आरंभी ती बंद पडली होती, एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली. तिकीट काही हजार रुपियांचेच असल्याने मार्ग जुळत असल्यास हा पहिला पर्याय ठरावा. पर्यटनगावांना जोडणाऱ्या सामायिक मिनीबसही मिळतात. मोबाइलवरून बोलावलेली दुचाकी टॅक्सी एकट्यास सोयीची, पण काही गावांत स्थानिक चालकांचा तिला विरोध आहे. तेथे गावच्याच चालकाशी बोलणे शहाणपणाचे.

बहुतेकांचा ओढा असतो तो दिवसाला सत्तर हजार ते एक लाख रुपिया भाड्याने मिळणाऱ्या स्कूटरकडे. वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे गोमंतकीयास रस्ता ओळखीचा वाटतो आणि नेमकी तेथेच फसगत होते. भारतीय परवाना तेथे पुरेसा नाही. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा आणि त्यात दुचाकीची नोंद हवी. ती नसताना अपघात झाला, तर पोलिसांचा दंड ही किरकोळ बाब ठरते; प्रवास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि रुग्णालयाचे काही लाखांचे बिल कुटुंबाला भरावे लागते. परवाना, हेल्मेट आणि दुचाकी अपघात स्पष्टपणे समाविष्ट असलेला विमा या तिन्ही गोष्टी नसतील, तर स्कूटर घेऊ नये. पासपोर्ट मात्र तारण म्हणून कोणालाही देऊ नये.

बारा दिवसांची एक वाट

विमानतळावरून पहिल्या दोन रात्रींसाठी पूर्व किनाऱ्यावरील सानुर बरे. तेथून नुसा पेनिदा या शेजारच्या बेटाला साधारण पाऊण तासात बोट जाते. पुढचे चार दिवस उबुदला द्यावेत. चाम्पुहानच्या टेकडीवरील पायवाट, गावातील देवळांच्या जत्रा आणि भातखाचरांच्या बांधांवरून चालणे यांना तिकीट नाही. यानंतर सिदेमेनच्या खोऱ्यात दोन दिवस राहिल्यास समोर ३,००० मीटरहून उंच आगुंग पर्वत दिसत राहतो.

शेवटचे चार दिवस आमेद आणि तुलांबेनसाठी राखावेत. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४२ मध्ये, जपानी पाणबुडीच्या माऱ्याने निकामी झालेले 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज तुलांबेनच्या किनाऱ्यावर आणून ठेवले होते. १९६३ मध्ये आगुंगचा उद्रेक झाला आणि ते पाण्यात सरकले. आज ते किनाऱ्याच्या इतके जवळ आहे की बोटीचा खर्च लागत नाही. भाड्याचा चश्मा व श्वासनळी घेऊन पोहत गेले, तरी पोवळ्यांनी मढलेला त्याचा सांगाडा दिसतो. दिवस हाताशी असल्यास पादांग बाई बंदरातून सार्वजनिक फेरीने चार-पाच तासांत लोंबोक गाठता येते. जलद बोटी वेळ वाचवतात, पण भाडे कैक पटींनी घेतात.

या पद्धतीने राहिल्यास विमानभाडे, व्हिसा व कर वगळता दिवसाचा खर्च साधारण चार ते पाच लाख रुपिया, म्हणजे दोन हजार ते सव्वासत्तावीसशे रुपयांच्या आसपास बसतो. रोज गाव बदलल्यास तो सहज दीडपट होतो.

काटकसर कोठे नको

२००८ पासून बालीत रेबीजचा प्रादुर्भाव आहे. कुत्रा किंवा माकड चावल्यास, ओरखडा उठला तरी, जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी. 'आराक' या गावठी मद्यातील भेसळीने बळी घेतलेले आहेत. अनोळखी ठिकाणचे स्वस्त मद्य टाळावे. अमली पदार्थांबाबत इंडोनेशियाचा कायदा मृत्युदंडापर्यंत जातो. लाल निशाण लावलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरू नये. देवळात जाताना कमरेला वस्त्र व शेला गुंडाळावा, पूजेतील लोकांपुढून चालू नये आणि रस्त्यावर ठेवलेल्या पानफुलांच्या नैवेद्यावर पाय पडू देऊ नये.

शेवटची बाब पाण्याची. बालीतील भातशेती 'सुबाक' या शेतकऱ्यांच्या सामूहिक पाणीवाटप व्यवस्थेवर उभी आहे. तिचा उगम नवव्या शतकाइतका मागे जातो आणि २०१२ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. याच शेतांवर आता व्हिला आणि तरणतलाव उभे राहत आहेत. खाजन शेती आणि गावकरीची परंपरा असलेल्या गोव्याच्या वाचकास यातील दुखणे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अंगणातली खोली, वारुंगमधले जेवण आणि एकाच गावात चार रात्रींचा मुक्काम यांनी प्रवाशाचे पैसे वाचतातच. शिवाय जे खर्च होतात ते शेत राखून असलेल्या घरांपर्यंत पोहोचतात.

निरोप घेताना यजमानास 'सुक्समा' म्हणावे. हा बाली भाषेतील धन्यवाद, आणि त्याचे मूळ आपल्याच 'सूक्ष्म' या शब्दात आहे.