वेलिंग्टन : नगरपरिसरातील लघुवाटा

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या दक्षिण टोकाशी, कुक सामुद्रधुनीच्या मुखावर वसलेल्या या राजधानीच्या पोटात व तिच्या सरहद्दीवरील टेकड्यांत आखलेल्या, अर्ध्या तासापासून दोन-अडीच तासांपर्यंतच्या अवधीत पुऱ्या होणाऱ्या आणि विशेष सामग्रीवाचून कोणाही निरोगी माणसास चालता येण्याजोग्या पायवाटांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. शहराची वस्ती दोन लाखांच्या थोडी वर, म्हणजे राजधानीच्या मानाने अल्पच. परंतु घराच्या फाटकातून निघून गाडीघोड्यावाचून रानात शिरण्याची जी सोय येथील सामान्य नागरिकास आहे, ती याहून कितीतरी मोठ्या व श्रीमंत नगरांत दुर्मीळ आहे. देशाच्या संरक्षण खात्याने (येथे संरक्षण निसर्गाचे, सैन्याचे नव्हे) वाटांची जी प्रतवारी मुक्रर केली आहे, तीत तासाभरात पुरी होणारी, सपाट व नीट बांधलेली वाट ‘शॉर्ट वॉक’ या सदरात पडते, क्वचित खडबडीत वा चिखलाची वाट ‘वॉकिंग ट्रॅक’ ठरते आणि त्यापुढील दर्जे पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघणाऱ्यांसाठी राखलेले आहेत. प्रस्तुत विवेचन पहिल्या दोन दर्जांपुरते मर्यादित आहे.

भूरचना पाहू जाता हे नगर पायी फिरणाऱ्यास अनुकूल नाही. सपाट जमीन बंदराकाठच्या चिंचोळ्या पट्टीपुरती. तिच्यामागे लगेच तीव्र उताराच्या टेकड्या उभ्या राहतात, भूकंपाचे प्रस्तरभंग थेट शहराखालून जातात आणि सामुद्रधुनीतून येणारा वारा इतका प्रबळ की ब्रुकलिन उपनगराच्या वरील हॉकिन्स हिलवर ताशी २४८ किलोमीटर वेगाच्या झोताची नोंद झालेली आहे. असे असता येथे वाटांचे हे विपुल जाळे निर्माण झाले, याचे श्रेय निसर्गापेक्षा दफ्तरातील एका तजविजीस द्यावे लागते. न्यूझीलंड कंपनीने १८३९ साली आपला मुख्य मोजणी अधिकारी कॅप्टन विल्यम मीन स्मिथ यास धाडलेल्या सूचनापत्रात असे फर्माविले होते की, नगराची अकराशे एकएकरी खाती आखताना नगर व त्यापलीकडील शेतजमीन यांच्या दरम्यान एक रुंद पट्टा राखावा, तो सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर करावा आणि त्यावर इमारत उठविण्यास कायमचा मज्जाव असावा. हीच येथील ‘टाउन बेल्ट’ अथवा नगरमेखला. १८७३ च्या विश्वस्तपत्रान्वये तिची १,०६१ एकर जमीन नगरपालिकेच्या हवाली झाली. पुढे रुग्णालय, विद्यालय, विद्यापीठ, गव्हर्नर जनरलचे निवासस्थान अशा एकेका सन्माननीय कारणासाठी तिचे लचके तोडले गेले. कारण सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमण बहुधा लोकहिताच्या नावानेच होते, हा अनुभव आपल्या गायरानांनाही नवा नाही. तथापि मेखलेचा मोठा भाग शिल्लक राहिला आणि २०१६ च्या स्वतंत्र कायद्याने त्यास नव्याने संरक्षण लाभले.

या तजविजीची दुसरी बाजू सांगितल्याविना नोंद अपुरी राहील. ही जमीन कंपनीची नव्हतीच. ते फांगानुई-आ-तारा या बंदराच्या काठी नांदणाऱ्या माओरी कुळांकडून १८३९ साली घाईघाईने लिहून घेतलेल्या खरेदीखताच्या बळावर तिची वाटणी झाली आणि मेखलेसाठी राखलेल्या भूमीचा मोबदला तर मूळ धारकांना मिळालाच नाही. माओरींच्या अशा गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने २००३ च्या आपल्या निवाड्यात या व्यवहारातील अन्याय मान्य केला व २००९ च्या तडजोडीच्या कायद्याने त्याचे अंशतः परिमार्जन झाले. वाटांच्या फलकांवर आज इंग्रजी नावांशेजारी माओरी नावे दिसतात, ती या दीर्घ दाव्याच्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजेत.

नगरमेखलेतील सर्वांत परिचित टेकडी माउंट व्हिक्टोरिया, माओरी नाव मातायरांगी. उंची १९६ मीटर. ओरिएंटल बे येथील पुळणीपासून (जिची वाळू गोल्डन बे येथून आणून घातलेली आहे) पाइनच्या झाडीतून वळणे घेत माथ्यावर पोहोचण्यास पाऊण तास पुरतो. माओरी परंपरेनुसार हे बंदर एकेकाळी सरोवर होते व त्यात न्गाके आणि फाताइताइ असे दोन तानिफा, म्हणजे जलराक्षस, राहत होते. न्गाकेने खडक फोडून समुद्राचा मार्ग धरला. फाताइताइ मात्र उथळ पाण्यात रुतला व त्याचा आत्मा पक्षिरूपाने या टेकडीवर येऊन विलाप करू लागला. माथ्यावरून दक्षिणेस दृष्टी टाकली असता बेसिन रिझर्व्ह हे क्रिकेटचे मैदान तळहातावर ठेवल्यासारखे दिसते. मूळ आराखड्यात तेथे जहाजांसाठी गोदी नेमलेली होती. परंतु २३ जानेवारी १८५५ च्या प्रचंड भूकंपाने, ज्याची तीव्रता ८.२ मानली जाते, तेथील जमीन दीड-दोन मीटर वर उचलली गेली, पाणथळ आटली आणि गोदीच्या जागी क्रीडांगण आले. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे हे उचित, कारण अजित वाडेकर यांचे कसोटी सामन्यांतील एकमेव शतक, १४३ धावांचे, याच मैदानावर १९६८ साली झाले, ज्या दौऱ्यात भारताने परदेशातील पहिली कसोटी मालिका जिंकली. आणि २०१४ साली अजिंक्य रहाणे यांचे पहिले कसोटी शतकही येथेच नोंदले गेले.

शहराच्या पश्चिम अंगास बोल्टन स्ट्रीटची जुनी दफनभूमी आहे. १८४० पासूनची ही भूमी. वसाहतीचा सूत्रधार एडवर्ड गिबन वेकफील्ड तिच्यात विसावला आहे आणि आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा हट्ट धरणारा सुतार सॅम्युएल पार्नेलही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटाररस्ता तिच्या मधोमध नेण्यात आला, तेव्हा सुमारे ३,७०० थडगी हलवावी लागली. त्या छेदावर बांधलेल्या पादचारी पुलावरून जाताना खाली वाहनांचा अखंड ओघ व दोन्ही तीरांवर शेवाळलेल्या समाधिशिला, असे विलक्षण दृश्य दिसते. येथूनच सुमारे १२ किलोमीटरची ‘सिटी टू सी’ ही वाट सुरू होते व आयलंड बे येथे समुद्रास मिळते. पण ती एका दमात चालण्याचे कारण नाही, कारण जवळपास प्रत्येक तुकड्यास बसथांबा लागून आहे. तिचा पहिला तुकडा १८६८ साली स्थापन झालेल्या वनस्पति-उद्यानातून चढतो. ज्यांना चढ नको त्यांनी लॅम्बटन की येथून १९०२ सालापासून चालत आलेल्या केबल कारने वर जावे व उद्यानातून उतरत खाली यावे. हा उतार जेमतेम अर्ध्या तासाचा. लहान मुले व वृद्ध यांना बरोबर घेऊन निघालेल्या कुटुंबास याहून सोयीचा मार्ग शहरात नाही.

खऱ्या अरण्याची ओळख हवी असल्यास ओतारी-विल्टन्स बुश येथे जावे. युरोपीय वसाहतकाऱ्यांनी भोवतालची झाडी जाळून-तोडून कुरणे केली, त्या धामधुमीत जॉब विल्टन नावाच्या शेतकऱ्याने १८६० च्या सुमारास आपल्या जमिनीतील रानाचा एक तुकडा कुंपण घालून गुरांपासून वाचविला. आपल्याकडे देवराई देवाच्या धाकाने टिकली, येथे ती एका कुळंब्याच्या लहरीने टिकली. १९२६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लेनर्ड कॉकेन यांच्या प्रेरणेने तेथे केवळ स्वदेशी वनस्पतींचे संग्रहोद्यान स्थापन झाले. कॉकेन यांची समाधीही तेथेच आहे. प्रवेशद्वाराजवळील उंचावरचा लाकडी पूल झाडांच्या शेंड्यांतून जातो, आणि खाली ओढ्याकाठच्या फेरीत वृक्षनेच्यांच्या छायेतून चालत सुमारे आठशे वर्षे वयाच्या रिमू वृक्षापर्यंत जाता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते वेलिंग्टनात एकच वाट चालण्याइतका अवकाश असेल तर ती ही.

कारोरी दरीतील झीलँडिया हे २२५ हेक्टरांचे अभयारण्य याच परिसरात मोडते, परंतु तेथे प्रवेशमूल्य पडते. जुन्या जलाशयांच्या या दरीभोवती १९९९ साली ८.६ किलोमीटर लांबीचे कुंपण पुरे झाले, ज्यातून उंदीर, बोका, वीझल यांपैकी कोणासही आत शिरता येऊ नये अशी योजना होती. उडत्या पक्ष्यांना मात्र कुंपण नसते. आत वाढलेले तुई व काका हे पक्षी आता शहरातील बागांत सर्रास दिसतात. धरणाकाठचा रस्ता सपाट असून चाकाच्या खुर्चीसही चालण्याजोगा आहे.

उत्तरेकडील टेकड्यांत मराठी माणसास चकित करणारे एक उपनगर आहे, खंडाला. हिंदुस्थानातील नोकरीहून परतलेल्या कॅप्टन जेम्स अँड्र्यू याने १८८४ साली येथे बांधलेल्या घरास हे नाव दिले व ते वस्तीस चिकटले. मग रस्त्यांची नावेही त्याच चालीवर पडत गेली, आणि आज तेथे सिमला, दिल्ली व आग्रा क्रेसेंट, लखनौ टेरेस, गँजेस रोड यांच्या जोडीला चक्क सातारा क्रेसेंटही आहे. साम्राज्याच्या नोकरशाहीची ही भौगोलिक हौस सह्याद्रीशी कितपत जुळते? थोडीफार जुळते असे म्हणावे लागेल. १८८५ साली सुरू झालेला जॉन्सनव्हिल लोहमार्ग सात बोगद्यांतून, दरीच्या कडेने, चढत चढत येथे येतो, आणि खिडकीतून पाहणाऱ्यास बोरघाटाची सय येणे अस्वाभाविक नाही. मात्र करवंदांच्या जाळीच्या जागी पिवळा गॉर्स फुललेला असतो आणि धबधबे शोधावे लागतात. सिमला क्रेसेंट वा खंडाला स्थानकावर उतरून खंडाला पार्कमध्ये शिरावे. ओढ्याच्या काठची फेरी लहान मुलांसही सुकर आहे. तेथून चढण धरल्यास सुमारे तासाभरात माउंट काउकाउ, माओरी नाव तारिकाका, याचा ४४५ मीटर उंचीचा माथा येतो. १९६५ पासून त्यावर १२२ मीटर उंचीचा दूरचित्रवाणीचा मनोरा उभा असल्याने तो शहरातून कोठूनही ओळखता येतो. स्वच्छ दिवशी माथ्यावरून सामुद्रधुनीपलीकडील दक्षिण बेटाचे बर्फाच्छादित डोंगर दिसतात. या वाटेस ‘सोपी’ म्हणताना किंचित संकोच वाटतो, कारण शेवटचा चढ पायऱ्यांचा व दमविणारा आहे. परंतु पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज पहाटे जाणाऱ्यास तिचे भय बाळगण्याचे कारण नाही.

किनाऱ्याच्या वाटांची जात निराळी. ओफिरो बे येथून पश्चिमेस, समुद्र व कडा यांच्यामधील कच्च्या सपाट रस्त्याने पाऊण-एक तास चालले असता पारिफेरो, अर्थात लाल खडक, येतात. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी ओतलेल्या लाव्ह्याचे उशांसारखे गोळे असलेले हे खडक लोहाच्या ऑक्साइडने तांबडे झाले आहेत. परंपरा म्हणते की, कूपे या आद्य दर्यावर्द्याच्या परतण्याची आशा सुटल्याने त्याच्या मुलींनी शोकाने अंगावर घाव करून घेतले, त्या रक्ताचा हा रंग. पुढे सिंक्लेअर हेडजवळ हिवाळ्यात नर सील विसाव्यास येतात. त्यांच्यापासून अंतर राखावे आणि त्यांच्या व समुद्राच्या मध्ये कदापि उभे राहू नये. बंदराच्या पूर्व तीरावरील पेंकॅरो दीपगृहाची वाट सपाट असली तरी एकेरी सुमारे आठ किलोमीटर असल्याने लघुवाटांत ओढूनताणूनच बसते. १ जानेवारी १८५९ रोजी उजळलेले हे देशातील पहिले कायम दीपगृह. त्याची पहिली रक्षक मेरी जेन बेनेट ही पतीच्या बुडून झालेल्या मृत्यूनंतर या हुद्द्यावर आली, आणि तिच्यानंतर त्या देशात दुसऱ्या स्त्रीची अशी नेमणूक झाली नाही. बंदरातील मातिउ बेटावर नावेने जावे लागते. तेथे उतरताच एका खोलीत प्रत्येकाची पिशवी उंदीर, मुंग्या व बिया यांसाठी तपासली जाते, नंतर तासाभराच्या आत बेटाची प्रदक्षिणा पुरी होते. पूर्वी विलग्नवासाचे व दोन्ही महायुद्धांत परकीय नजरकैद्यांचे हे ठाणे होते.

हिंडण्याचा उत्तम काळ डिसेंबर ते मार्च. येथील उन्हाळा तोच. वारा उत्तरेचा असता दक्षिण किनारा सुखद असतो, पण दक्षिणेचा वारा सुटला की तापमान तासाभरात कित्येक अंश उतरते, सबब उन्हातही पाठपिशवीत वाराविरोधी अंगरखा असावा. ऊन सौम्य वाटले तरी त्वचा भाजते, म्हणून टोपी आवश्यक. फलकांवर बहुधा अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते व ती मध्यम चालीची समजावी. नगरमेखलेतील कित्येक वाटांवर सायकलस्वारांस मुभा असल्याने वळणावर डावी बाजू धरणे इष्ट. पश्चिमेकडील माकारा किनाऱ्याची, दुसऱ्या महायुद्धातील तोफांच्या मोर्च्यांवरून जाणारी फेरी खाजगी कुरणांतून असल्यामुळे मेंढ्या विण्याच्या हंगामात, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, बंद ठेवली जाते. या दिवसांत जाऊ इच्छिणाऱ्याने पर्यायी वाट म्हणून स्कायलाइन वॉकवेचा काउकाउनजीकचा भाग धरावा.