सायकल कुठे टेकवायची? रायडरच्या थांब्याची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि वाचायचा कंटाळा असेल तर इयरफोन लावा.)

आज रविवार आहे. तुमच्यातले काहीजण हे ऐकताना रंकाळ्याला एक चक्कर मारून बसलेले असणार, आणि काहीजण अजून अंथरुणातच. दोघांचंही स्वागत.

मागच्या महिन्यात बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. "दादा, कोल्हापुरात राइड झाल्यावर बसायला चांगला कॅफे सांग ना. सायकलवाल्यांना नीट वागवणारा." प्रश्न सोपा वाटला. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, लगेच शीट उघडली आणि कॉलम पाडले. सायकल दिसेल अशी जागा आहे का, पंप आहे का, बाटली भरून देतात का, घामाने भिजलेल्या टी-शर्टवर आत बसू देतात का, सकाळी साडेसहाला उघडतात का. झाली यादी, असं वाटलं.

मग दोन प्रसंग घडले, आणि ही यादी इतिहासाच्या एपिसोडमध्ये येऊन पडली.

पहिला प्रसंग. आम्ही पाचजण पन्हाळा करून उतरलो होतो. वाघबीळचा चढ ज्याने मारलाय त्याला माहीत आहे, वर पोचेपर्यंत माणूस स्वतःचं नाव विसरतो. खाली येऊन शहरातल्या एका कॅफेत शिरलो. तिथला पोरगा आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "सायकली समोर लावू नका, आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा." आत अख्खी खोली रिकामी होती. आम्ही जाम चिडलो. घरी येऊन एक स्टार दिला, वर परिच्छेदभर लिहिलं.

दुसरा प्रसंग त्यानंतर तीन आठवड्यांनी. वेगळी जागा. तिथे सायकलचा स्टँड, भिंतीला पंप, राइडरना कॉफीवर सूट. मालक स्वतः बाहेर येऊन आमच्या सायकलींचं कौतुक करत होता. तेवढ्यात एक काका आले. जुनी काळी सायकल, हँडलला डबा, अंगावर वॉचमनचा शर्ट. रात्रपाळी संपवून निघाले असणार. त्यांनी सायकल त्याच स्टँडला टेकवली आणि चहा मिळेल का विचारलं. आतून आवाज आला, "ओ काका, ती सायकल तिथून काढा, ते राइडर लोकांसाठी आहे."

काकांनी सायकल काढली आणि गेले. आणि मी? मी कॉफी पीत बसलो होतो. सूट मिळालेली कॉफी. एक शब्द बोललो नाही.

हे डोक्यातून जाईना. शेवटी मी शीट बंद केली आणि उलट्या बाजूने शोधायला लागलो. प्रवासात थकलेल्या माणसाला आत घ्यायचं की नाही, हे कोण ठरवतं? आणि पूर्वी कोण ठरवायचं?

पंख असलेलं चाक

आधी सायकलच्या माहेरी जाऊ. इंग्लंडमध्ये हॅरोगेट नावाचं गाव आहे. तिथे ऑगस्ट १८७८ मध्ये सायकलवर फिरणाऱ्यांचा एक क्लब सुरू झाला, बायसिकल टूरिंग क्लब. १८८३ मध्ये त्याचं नाव सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब झालं, कारण तोवर तीनचाकी चालवणारेही सभासद झाले होते.

तेव्हा सायकलवाल्याची अवस्था आपल्यासारखीच होती. चिखलाने माखलेला माणूस विचित्र गाडी घेऊन दारात उभा राहिला की खानावळवाला तोंड वाकडं करायचा. क्लबने त्यावर व्यवस्थित काम केलं. गावोगावी प्रतिनिधी नेमले, हॉटेलांशी सभासदांसाठी दर ठरवले, आणि चांगल्या हॉटेलांची नावं हँडबुकात छापली. अशा हॉटेलच्या भिंतीवर क्लबची पाटी लागायची, तिच्यावर पंख असलेलं चाक. म्हणजे आज आपण गुगल मॅप्सवर जे शोधतो, ते या लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी कागदावर आणि लोखंडी पाटीवर करून ठेवलं होतं.

पण पाटी लागली म्हणजे प्रश्न सुटला का? नाही ना. ऐका.

२७ ऑक्टोबर १८९८. लेडी हार्बर्टन नावाच्या बाई सायकल चालवत सरे परगण्यातल्या ऑकम गावी पोचल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, खानदानी घरातल्या. बायकांनी घोळदार झगे सोडून सुटसुटीत कपडे घालावेत म्हणून त्या कित्येक वर्षं चळवळ करत होत्या. त्या दिवशीही त्यांच्या अंगात ढगळ तुमान होती. होबॉय नावाच्या हॉटेलात त्यांनी जेवण मागितलं. मालकीण मिसेस स्प्रेग म्हणाल्या, या कपड्यात कॉफी रूममध्ये बसता येणार नाही, हवं तर बारच्या बाजूच्या खोलीत बसा. त्या खोलीत कामकरी पुरुष दारू पीत, धूर सोडत बसलेले असायचे.

गंमत म्हणजे हे हॉटेल क्लबच्या यादीतलं होतं! क्लबने लेडी हार्बर्टनच्या बाजूने खटला चालवला. एप्रिल १८९९ मध्ये ज्युरीने मालकिणीला निर्दोष सोडलं. तुम्हाला जागा देऊ केली होतीच की, मग नकार कुठे दिला, असा हिशोब.

म्हणजे तेच. बाहेरच्या बाकावर बसा.

आणि जरा थांबून बघा. लेडी हार्बर्टनचा अपमान झाला हे खरं. पण ज्या खोलीत बसणं त्यांना अपमान वाटला, त्या खोलीत रोज कोण बसायचं? गावातले मजूर. त्यांच्यासाठी कुठल्या क्लबने खटला लढवला नाही. मला स्टँडवरून सायकल काढणारे काका आठवले.

अमेरिकेत तर क्लबनेच दार लावून घेतलं. तिथल्या सायकलवाल्यांच्या मोठ्या संघटनेने, लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेनने, १८९४ मध्ये कृष्णवर्णीयांना सभासदत्व बंद केलं. पुढे पाचच वर्षांनी, १८९९ मध्ये, माँट्रियलला एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता कोण झाला? मेजर टेलर, एक कृष्णवर्णीय तरुण. जगातला सगळ्यात वेगवान सायकलवाला, आणि त्याच्याच देशात त्याला हॉटेलवाले खोली नाकारायचे, जेवण नाकारायचे. त्या संघटनेने ती बंदी अधिकृतपणे मागे घेतली १९९९ मध्ये. शंभर वर्षांनी.

मोटारी आल्या तरी प्रश्न तसाच. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ मध्ये एक छोटं पुस्तक काढलं, ग्रीन बुक. कृष्णवर्णीय प्रवाशांनी कुठे थांबावं, कुठे जेवावं, कुठे झोपावं, याची यादी. आपल्यासाठी यादी म्हणजे चांगली कॉफी कुठे मिळेल. त्यांच्यासाठी यादी म्हणजे रात्री सुखरूप कुठे राहता येईल.

मसूर स्टेशन, १९०१

आता घरी परत येऊ. पुणे-मिरज लाइनवर कराडच्या अलीकडे मसूर स्टेशन लागतं. आपल्यापैकी कितीजण तिथून झोपेत गेलेत.

१९०१ च्या उन्हाळ्यात या स्टेशनवर चार मुलं उतरली. साताऱ्याहून आलेली, अंगावर नवे कपडे, वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली. वडील तिथे खजिनदार होते. पत्र वेळेवर पोचलं नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. मग विचारलं, तुम्ही कोण? मुलं महार आहेत हे कळल्यावर त्याचा चेहरा बदलला आणि तो मागे सरकला. त्या मुलांमध्ये एक होता नऊ-दहा वर्षांचा भीमराव. आपले बाबासाहेब.

बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एकाशी ठरलं ते असं: भाडं दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालणार. सोबत भरपूर खाणं होतं, पण पाणी नव्हतं. वाटेत जे पाणी दिसलं ते चिखलाचं, शेणाने भरलेलं. रात्री टोलनाक्यावर पोचले. भीमरावाने आपण मुसलमान आहोत असं सांगून उर्दूत पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. मुलं तहानलेलीच झोपली. बाबासाहेबांनी हे सगळं पुढे स्वतः लिहून ठेवलंय.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या शीटमधला एक कॉलम डोळ्यांसमोर आला. "बाटली भरून देतात का?"

भाऊसिंगजी रोडवरचा चहा

आणि आता आपल्या कोल्हापूरची गोष्ट. भाऊसिंगजी रोडवरून तुम्ही शंभर वेळा गेला असाल. या रस्त्यावर एकेकाळी एक चहाचं हॉटेल होतं, सत्यसुधारक. मालक गंगाराम कांबळे.

गंगाराम आधी शाहू महाराजांच्या चाकरीत होते. ज्या पाण्याला शिवायची त्यांना मनाई होती, त्या पाण्याला ते शिवले, म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर त्यांना कळलं, त्यांनी मारणाऱ्यांना धडा शिकवला, आणि गंगारामांना सांगितलं की स्वतःचा धंदा काढ. मदतही केली.

हॉटेल सुरू झालं. चहा चांगला, स्वच्छता चोख. पण दलिताच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? गिऱ्हाईक येईना.

मग महाराजांनी काय केलं? फिरायला निघाले की ते गाडी बरोबर गंगारामच्या दारात थांबवायचे आणि चहा मागवायचे. स्वतः प्यायचे, आणि बरोबरच्या मानकऱ्यांना, अधिकाऱ्यांनाही द्यायला लावायचे. आता राजा पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार! पुढे महाराजांनी सोडा वॉटरचं मशीनही त्यांना घेऊन दिलं.

यात मला एक गोष्ट फार भारी वाटते. महाराजांकडे हुकूम काढायची ताकद होती, आणि त्यांनी हुकूम काढलेही. १९१९ मध्ये संस्थानातल्या सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा इथे शिवाशिव पाळायची नाही, असे आदेश निघाले. पण चहा पिण्याचा हुकूम कसा काढणार? ते काम त्यांनी स्वतः थांबून केलं. रोजच्या रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. ६ मे १९२२ ला महाराज गेले. नंतर गंगारामांनी पुढाकार घेऊन नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभं केलं. चहावाल्याने राजाचं स्मारक केलं, असं दुसरं गाव मला माहीत नाही.

पुढे २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. तिचं कलम १५ उघडून बघा. समतेच्या मोठमोठ्या शब्दांबरोबर तिथे दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते असे अगदी साधे शब्द आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथे कुणाला अडवायचं नाही. पहिल्यांदा वाचताना वाटतं, घटनेत हॉटेल कशाला? मसूरची गोष्ट माहीत असली की कळतं, कशाला. आणि तरीही कित्येक गावांत चहाच्या टपरीवर दलितांचा कप वेगळा ठेवायची पद्धत पुढे अनेक वर्षं चालली. कोडमध्ये नियम लिहिला म्हणजे प्रॉडक्शनमध्ये तो चालतोच असं नाही, हे आम्हा इंजिनिअर लोकांना कुणी शिकवायला नको.

मग जायचं कुठे?

तुम्ही म्हणाल, दादा, कॅफे विचारला होता आणि तू काय सांगत बसलास. सांगतो.

माझ्या शीटमध्ये आता एक कॉलम वाढलाय, आणि तो सगळ्यात आधी बघायचा: काळ्या सायकलवाल्या काकांना इथे चहा मिळतो का, आणि आपल्या शेजारी बसून मिळतो का? हे कुठल्या ॲपवर कळत नाही. तिथे अर्धा तास बसावं लागतं.

हा कॉलम लावल्यावर यादी एकदम बदलली. महागड्या जागा खाली गेल्या. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या टपऱ्या वर आल्या, जिथे ऊसतोडीला निघालेला माणूस आणि हेल्मेटवाला राइडर एकाच बाकावर बसतात, आणि टपरीवाल्या मावशी दोघांनाही "पाणी घ्या की आधी" म्हणतात. आणि सगळ्यात वर आलं आपलं गंगावेशीतलं दूध कट्ट्याचं ठिकाण. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात. तिथे दारच नाही, त्यामुळे दारात अडवायचा प्रश्नच नाही. सायकल भिंतीला टेकवा, ग्लास तोंडाला लावा. लाखाची असो नाहीतर भंगारातली, म्हशीला काय फरक पडतो!

कॅफेवाल्यांवर माझा राग नाही. पंप लावणारा, स्टँड ठेवणारा माणूस चांगलंच काम करतोय. पण मी तिथे गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाइकाचं ऐकलं जातं. त्या दिवशी मी फक्त "काका, राहू दे सायकल, या बसा" एवढं म्हणालो असतो तरी मालक गप्प बसला असता. एवढंच करायचं होतं. राजा असायची गरज नव्हती.

मी त्या जागी परत गेलो. मालकाला सांगितलं, स्टँड सगळ्यांचा ठेवा. तो आधी ओशाळला, मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." काका मात्र परत दिसले नाहीत. दिसले तर चहा माझ्याकडून.

तुमच्या गावात असा थांबा असेल, तर तिथून व्हॉइस नोट पाठवा. कॅफेचा पत्ता नको, तिथल्या बाकावर तुमच्या शेजारी कोण बसलं होतं ते सांगा. पुढच्या रविवारी भेटू. हवा चेक करा, हेल्मेट घाला, आणि निघा.