स्प्रिंगची व पीसीपी एअर रायफल

दहा मीटर नेमबाजीच्या एअर रायफलींचे स्प्रिंगची व पीसीपी (आधीच हवा भरलेली) असे दोन प्रमुख प्रकार आहेत. जत्रेत फुगे फोडण्याची बंदूक बहुधा पहिल्या प्रकारची असते. तिचा चाप ओढताच स्प्रिंगने ढकललेला दट्ट्या हवा दाबतो व छर्रा सुटतो. परंतु छर्रा नळीत असतानाच दट्ट्याचा धक्का बसून नेम ढळतो. पीसीपीच्या सिलिंडरात सुमारे २०० बार दाबाची हवा असते. चाप ओढल्यावर केवळ झडप क्षणभर उघडते, म्हणून धक्का नगण्य असतो. दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिमी व्यासाचा असल्याने आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पीसीपीच दिसते. याच क्रीडाप्रकारात ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे विश्वविजेते झाले.

पीसीपी बरीच महाग असते, शिवाय हवा भरण्याची सोय लागते. लहान गावात ती नसल्यास खास हातपंप घ्यावा लागतो, आणि तो मारणे कष्टाचे असते. पवित्रा, श्वास व चापावरील ताबा शिकण्यास स्प्रिंगची रायफल पुरते. जुनी पीसीपी घेताना सिलिंडरवरील मुदत अवश्य पाहावी. मुदत संपलेले सिलिंडर वापरणे धोक्याचे असते.