सुरतेचा प्लेग आणि मेट्रनबेनचा प्रश्न

जुन्या बडोद्याच्या आठवणी चालल्यात, म्हणून ही माझी. साल १९९४.

गणपती बोळवून झाले आणि सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आल्याची बातमी फुटली. त्याआधी बीडकडे गाठीचा प्लेग निघाल्याचं पेपरात वाचलं होतं. पण सुरत म्हणजे आपल्या उंबऱ्याशीच. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडत होते, आणि उत्तरेकडच्या गाड्या बडोद्यावरूनच जाणार.

मी तेव्हा इथल्याच एका हॉस्पिटलात सिस्टर इन-चार्ज. अकरा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात गेलेली. मेट्रनबेननी बोलावून सांगितलं, संशयित पेशंटसाठी मागच्या खोल्या मोकळ्या करा, ड्युट्या लावा, सगळं तुम्हीच बघा. ‘तमे करी लेशो ने?’ मी लगेच हो म्हटलं. साथीच्या रोगाचा वॉर्ड मी ट्रेनिंगनंतर पाहिलाही नव्हता! नाही म्हटलं तर घाबरली म्हणतील, एवढीच भीती.

दांडिया बाजारातल्या घरी सासूबाईंनी जुन्या प्लेगच्या, गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिलेल्या माणसांच्या गोष्टी काढल्या. सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या, हेही निघालं. मला त्या रात्री वेगळंच सुचत होतं. सावित्रीबाईंना विचारायला निदान डॉक्टर मुलगा, यशवंत, जवळ होता. मी कोणाला विचारलं होतं?

सकाळी कळलं, मी रात्रपाळीला लावलेल्या दोन नव्या मुलींपैकी एक तीन महिन्यांची गरोदर. आणि वॉर्डात जाणाऱ्या सगळ्यांना टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल वाटायचा हुकूम. गरोदरपणी ते देत नाहीत, पोटातल्या बाळाच्या दातांवर, हाडांवर परिणाम होतो, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण थुंकीची विल्हेवाट कशी लावायची, मास्क कधी बदलायचा, पेशंटला हलवताना बरोबर कोण जायचं, यातलं मला काही येत नव्हतं. आणि ड्युटीच्या कागदावर सही माझी.

तशीच मेट्रनबेनकडे गेले. म्हटलं, ड्युट्या, औषधांचा हिशेब, मुलींची काळजी मी बघते. बाकीचं मला येत नाही. टीबी वॉर्डातला एक जुना ब्रदर आठवडाभर माझ्याबरोबर द्या, आणि या मुलीच्या औषधाचं डॉक्टरांकडून लिहून आणा. बेन चिडल्याच. ‘काल केम न कह्युं?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ब्रदर मिळाला. वयाने माझ्याहून लहान, पण पहिले दोन दिवस मी त्याच्या मागे मागे फिरले, वहीत लिहून घेत. मुलीची ड्युटी माझ्या जुन्या वॉर्डात बदलली. आमच्याकडे आलेले बहुतेक साधे ताप निघाले.

नाइटिंगेलबाईंच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये, आपण समोर नसतानाही काम नीट कसं चालावं, यावर अख्खं प्रकरण आहे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला बाईंचा कंदील तेवढा पाठ. ते प्रकरण मी त्या दिवाळीत वाचलं.

त्या आठवड्यात सुरतेहून तुमच्यापैकी कोणाकडे पाहुणे उतरले होते का? आमच्या वाड्यात एक कुटुंब आलं होतं, चार दिवस कोणी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्यांचीही गोष्ट लिहायची आहे.