धावफलकाबाहेरचे गुरू

खेळाचा इतिहास आपण धावफलकावरून लिहितो; प्रशिक्षकाचे कर्तृत्व त्यावर उमटत नाही. १९३२ साली जन्मलेल्या रमाकांत आचरेकरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. त्या नोंदीतही आचरेकर नाहीत. मात्र वांद्र्याच्या मुलाने शारदाश्रमात यावे हा त्यांचा सल्ला आणि शिवाजी पार्कवर सरावाअखेर स्टंपवर ठेवलेले रुपयाचे नाणे वगळून त्या खेळीचा अर्थ लावता येत नाही. बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते नाणे मिळे. नाबाद राहिल्यास फलंदाजाला. दमलेल्या मुलाची एकाग्रता नेमकी कधी ढळते, हे ओळखून केलेली ही योजना होती.

१९९० चा द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० ची पद्मश्री या सन्मानांनी हे श्रेय उशिरा का होईना नोंदवले. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले. त्यांच्या शिकवणीचा खरा दस्तऐवज आम्हांस शिष्याच्याच शब्दांत आढळतो: एकोणतीस वर्षांत सरांनी एकदाही ‘छान खेळलास’ म्हटले नाही, असे तेंडुलकरांनी २०१३ मध्ये निवृत्त होताना भर मैदानात सांगितले, त्या सांगण्यात तक्रार नव्हती.