‘वडील’ आणि ‘मंडळी’: मुंबईतील एका प्रेस्बिटेरियन समाजाची कहाणी

मुंबईच्या कोटात १८१९ साली उभे राहिलेले सेंट अँड्र्यूज कर्क हे स्कॉच देवालय कंपनीच्या राज्यात चाकरी-व्यापारासाठी आलेल्या स्कॉच माणसांचे होते. मराठी बोलणाऱ्या माणसाचा त्याच्याशी फारसा संबंध येण्याचे कारण नव्हते. नाही म्हणायला, १८३३ साली मराठीचे व्याकरण लिहिणारे जॉन स्टीव्हन्सन पुढे तेथील धर्मोपदेशक झाले. मला येथे ज्या समाजाविषयी लिहावयाचे आहे, तो या देवालयापासून दूर, गिरगावच्या बाजूस वाढला. जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट ही १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरली. दोनच वर्षांनी, १८३१ मध्ये, विल्सननी प्रेस्बिटेरियन पद्धतीची एतद्देशीय मंडळी स्थापन केली. तिचे सभासद मूठभर होते. आंब्रोळीच्या मिशनगृहाशी तिचे नाव पुढे कायमचे जोडले गेले.

‘प्रेस्बिटर’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ वयाने मोठा, वडील असा आहे. या पंथात बिशप नाही. पाळक आणि सभासदांनी निवडलेले वडील मिळून मंडळीचा कारभार पाहतात. त्यांच्यावर प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनड आणि सर्वांवर महासभा. मराठीत यासाठी जे शब्द रूढ झाले ते भाषांतरकाराला विचारात पाडणारे आहेत. ‘मंडळी’ हा आपला घरगुती शब्द. पंगतीला बसते ती मंडळी, आणि जुन्या वळणाचा गृहस्थ स्वतःच्या पत्नीलाही ‘आमची मंडळी’ म्हणतो. ‘वडील’ या शब्दाचे तर काही विचारूच नये. आपल्याकडे वडील हा जन्माने आणि क्रमाने होतो. त्याला कोणी मते देऊन निवडीत नाही. शब्द तोच राहिला आणि त्याखालचा अर्थ मात्र पार उलटा झाला. भाषांतरात असे क्वचित घडते.

या उलटापालटीची किंमत मंडळीतल्या पहिल्या पिढीने रोकडी मोजली. १८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी या पारशी विद्यार्थ्याचा बाप्तिस्मा झाला. मुलगा परत मिळावा म्हणून त्याच्या समाजाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली. कोर्टाने मुलाला त्याच्या इच्छेप्रमाणे जाण्याची मोकळीक दिली, आणि तो विल्सनांकडे गेला. विल्सननी १८३२ मध्ये काढलेली इंग्रजी शाळा, म्हणजे आजच्या विल्सन कॉलेजचे मूळ, त्या वर्षी निम्म्याहून अधिक ओस पडली.

चार वर्षांनी नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणाने दीक्षा घेतली. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून अजाण होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तो रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी राहिला होता आणि तेथे जेवला होता. या खेपेस कोर्टाने मुलाचा ताबा बापाकडे दिला. परंतु बापाने घेतले तरी जात घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन त्याला प्रायश्चित्त देवविले, आणि त्यावरून ब्रह्मवृंदात दोन तट पडले. आमच्या सुधारणेच्या इतिहासांत हे प्रकरण बाळशास्त्र्यांच्या चरित्रातील एक प्रसंग म्हणून येते. मंडळीच्या इतिहासात ते नारायणरावांच्या नावाखाली येते. श्रीपत मात्र दोन्हीकडे तळटीपेतच राहिला, हे मला नेहमी खटकत आले आहे. एका घरातील दोन भावांपैकी एकाने वडील सोडले, दुसऱ्याला वडिलांकडे परत धाडले. ‘वडील’ या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या एका घरात भांडत होते.

त्याच १८४३ साली स्कॉटलंडात चर्च दुभंगले. भांडण पाळक कोणी नेमावा याचे होते: जमीनदार आश्रयदात्याने की मंडळीने? चारशेहून अधिक धर्मोपदेशक आपली घरे आणि वेतने सोडून बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. विल्सन तेव्हा रजेवर होते. तरी तेही आणि मुंबईतील त्यांचे सहकारीही फ्री चर्चच्या बाजूस गेले. परिणामी नव्या विद्यालयाची इमारत आणि ग्रंथसंग्रह जुन्या चर्चच्या हाती राहिला. निवडीच्या हक्कासाठी विटा-चुना सोडणाऱ्या या लोकांविषयी आदर वाटतो. पण तेच तत्त्व गिरगावात कितपत लागू झाले? धनजीभाईंना १८४६ साली आणि नारायण शेषाद्रींना १८५४ साली आचार्यदीक्षा मिळाली, हे खरे. परंतु पैसा परदेशातून येत होता, आणि जिकडून पैसा तिकडून आज्ञा हा व्यवहार कोणत्याही पंथाला चुकलेला नाही. नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही स्वतंत्र वसाहत वसविली, तिचा अर्थ मी याच संदर्भात लावतो. १९१७ साली ना. वा. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनपासून दूर होऊन ‘देवाचा दरबार’ काढला, तोही वेगळ्या परंपरेतला असला तरी याच दुखण्यावरचा उपाय होता.

वाङ्मयाच्या दृष्टीने या मंडळीच्या परिसराचे ऋण मोठे आहे, आणि ते पुरते मान्य झालेले नाही. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत मराठीच्या घटकांवर व प्रसारावर निबंध आहे, तो विल्सन यांचा. मरे मिचेल यांनी १८४९ च्या सुमारास तुकारामाची कथा इंग्रजीत मांडली. निकोल मॅक्निकोल यांनी विल्सन कॉलेजात अध्यापन केले होते. त्यांचा संतकवितेचा अनुवाद १९१९ मध्ये निघाला. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा बेळगावचा, पण मनाची घडण मुंबईच्या फ्री चर्चच्या शाळेतली. त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आले आणि विधवांचे दुःख मराठी गद्यकथेचा विषय झाले. या गद्यात प्रचार आहे, कित्येकदा कंटाळा येईल इतका आहे. विल्सन यांची हिंदू व पारशी धर्मांवरील टीकाही पुष्कळदा वकिली थाटाची आहे. तथापि प्रतिपक्षाला उत्तर द्यावयाचे तर त्याचे ग्रंथ मुळातून वाचावे लागतात, ही शिस्त त्या वादांनी दोन्ही पक्षांना लावली. मार्गारेट विल्सन १८३५ मध्येच वारल्या. त्यांनी काढलेल्या मुलींच्या शाळेची परंपरा गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेत पुढे चालली.

पुढील इतिहास जोडणीचा आहे. १९०० मध्ये फ्री चर्चचे बहुतेक लोक युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चशी एक झाले, १९२९ मध्ये हा संयुक्त पक्ष जुन्या चर्चमध्ये परतला. हिंदुस्थानात १९२४ साली प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांचे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले, आणि १९७० च्या नोव्हेंबरात नागपूर येथे अँग्लिकनांसह इतर पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बिशप नको म्हणून शतके झगडलेल्या परंपरेने या ऐक्यासाठी बिशप पत्करला. स्कॉच कोशातले कितीतरी शब्द त्या दिवशी निरुपयोगी झाले; मराठीतला ‘मंडळी’ मात्र टिकला.